खासगी : एका शब्दाचा आणि एका हक्काचा प्रवास



ज्या मुख्याध्यापिकाबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी शिकले आणि पुढे काही वर्षे इतिहास शिकविलाही. त्यांच्याविषयी बोलण्याचा मोह आवरून मी सरळ विषयाकडे वळते, कारण प्रास्ताविकात वेळ घालविलेला त्यांना कधीच खपत नसे.

‘आधुनिक शिक्षणापुढील सामाजिक प्रश्न’ हा विषय मला देण्यात आला आहे. त्याचा विस्तार मोठा आहे. त्यातून मी दोन प्रश्न निवडले आहेत. एक मुलींच्या समतेचा आणि दुसरा खासगीपणाचा. पहिला प्रश्न जुना आणि दुसरा मोबाईल फोन व संगणक यांनी काल-परवा जन्माला घातलेला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती मला मान्य नाही. हे दोन प्रश्न मुळात एकाच खोडाच्या फांद्या आहेत आणि मराठी समाजाच्या इतिहासात त्यांची मुळे निदान दीडशे वर्षे खोल गेलेली आहेत, असे मला वाटते.

आरंभ एका शब्दापासून करते. ‘खासगी’ हा शब्द आपण रोज वापरतो. अरबी ‘खास’ या शब्दापासून तो मराठीच्या दप्तरात आला. आपल्या माळव्यात मात्र या शब्दाला एक विशेष अर्थ होता. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे उत्पन्नाचे दोन विभाग होते. दौलत राज्यकारभाराची आणि खासगी राज्यकर्त्याच्या पत्नीची. १७३४ साली मल्हाररावांच्या विनंतीवरून पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर दिली. तीच पुढे अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत अहिल्याबाईंच्या नावाने जी मंदिरे, घाट आणि अन्नछत्रे ओळखली जातात, त्यांना या खासगीचा आधार होता. खासगी म्हणजे दडवून ठेवण्याची बाब, असा अर्थ आज आपल्या मनात येतो. त्या काळच्या माळव्यात खासगी म्हणजे जिचा निर्णय एक स्त्री स्वतः घेते अशी बाब. शब्दाचा हा जुना अर्थ मला आजच्या विवेचनासाठी फार उपयोगी वाटतो.

अर्थात या गोष्टीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. हा राजघराण्यातील स्त्रीचा अधिकार होता. आपल्या उज्जयिनीत गोपाळ मंदिर उभारणाऱ्या बायजाबाई शिंदे यांनी दौलतरावांच्या मृत्यूनंतर, १८२७ पासून १८३३ पर्यंत, ग्वाल्हेरचे राज्य चालविले. पण त्याच काळात मंदिराच्या आसपासच्या वाड्यांतून राहणाऱ्या सामान्य बाईला स्वतःची म्हणता येईल अशी पेटीसुद्धा क्वचितच असे. माजघर सर्वांचे, देवघर सर्वांचे, विहिरीचा काठ तर गावाचा. वाड्यात एकांत असलाच तर तो पुरुषाच्या बैठकीला. बाईने एकटे बसणे हेच संशयास्पद, मग एकटीने पुस्तक घेऊन बसणे तर विचारूच नका!

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण सर्व जाणतो. शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंना रस्त्यावर काय सोसावे लागले, तेही जाणतो. मला येथे त्या रस्त्यापेक्षा घराच्या आतल्या भागाकडे लक्ष वेधायचे आहे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्तींची पत्नी, पण तिचे शिक्षण व्हायचे ते रात्री, स्वतःच्या खोलीत. दिवसा घरातील वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खायची आणि रात्री अक्षरे गिरवायची. म्हणजे मुलीचे शिक्षण आणि मुलीचा एकांत या गोष्टी अगदी प्रारंभापासून एकमेकींना बांधलेल्या होत्या. जिला एकांत नाही, तिला पुस्तक नाही, आणि जिच्या हाती पुस्तक आले, ती एकांत मागू लागली.

तिने दुसरी वस्तू मागितली ती पत्र. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ साली आले, पाव आण्याला. स्वस्त असल्यामुळे ते घराघरांत पोहोचले, पण ते उघडे. पोस्टमन वाचणार, दिंडीदरवाजाशी बसलेले आजोबा वाचणार आणि मग माजघरात मोठ्याने वाचले जाणार. ‘येथील सर्व मंडळी कुशल’ ही आपल्या पत्रांतील ठरीव भाषा पुष्कळ अंशी या उघडेपणाने घडविली असावी असा माझा तर्क आहे. सासरी गेलेल्या मुलीने माहेरी कार्डावर दुसरे लिहावे तरी काय? आंतर्देशीय पत्र यायला १९५० साल उजाडावे लागले, आणि तेही सुनेच्या हाती पडण्याआधी अनेक घरांत उघडलेले असे.

पत्राचा विषय निघाला म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण अपरिहार्य ठरते. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात कारकून होते, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पत्नीच्या शिक्षणासाठी साह्य मागणारे त्यांचे मिशनऱ्यांशी झालेले पत्रव्यवहार प्रिन्स्टनहून निघणाऱ्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापले गेले. धर्मांतर कराल तर पाहू, असा त्यावरील उत्तराचा रोख होता. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी तो अंक १८८० साली दंतवैद्याच्या दिवाणखान्यात, आपली पाळी येईपर्यंत चाळता चाळता वाचला, आणि त्यातून आनंदीबाईंना अमेरिकेची वाट मोकळी झाली. एका घरातील गोष्ट साता समुद्रापलीकडे उघडी झाली आणि त्या वेळी त्यातून भले झाले. १८८३ साली श्रीरामपूर येथील भाषणात, परदेशी का जाते याचा खुलासा करताना, आनंदीबाईंनी बंगालच्या रस्त्यांवर आपल्याला कसे छळले जाते हेही सांगितले. पतीबरोबर चालणारी, पायांत बूट घातलेली बाई दिसली की लोक गोळा होत, टक लावून बघत, वाटेल ते बोलत. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्यांनी लिहिलेली पत्रे पुढे चरित्रकारांच्या कामी आली. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ साली निघाले आणि मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबले पाहिजे. ती पत्रे आपल्याला लिहिलेली नव्हती. ती नसती तर आपला इतिहास दरिद्री झाला असता हे खरे, परंतु आपण दुसऱ्याचे पाकीट उघडून बसलो आहोत याची जाणीव ठेवूनच ती वाचावीत, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले.

आता ज्या खटल्याकडे मी आपणांस घेऊन जाणार आहे, तो माझ्या मते या सबंध विषयाचा कणा आहे. रखमाबाईंचा खटला. १८६४ साली मुंबईत जन्म. वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी विवाह. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन विद्वान आणि उदार वृत्तीचे, त्यामुळे मुलगी माहेरीच राहिली आणि वाचत-शिकत राहिली. १८८४ साली पतीने पत्नी नांदावयास यावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. जे लग्न आपल्या संमतीवाचून अजाण वयात झाले, ते आपल्यावर बंधनकारक नाही, ही रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. अपिलात तो फिरला, दावा पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की एक तर नवऱ्याच्या घरी जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या इंग्लंडला जाऊन शिकल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली.

या खटल्यातील तीन गोष्टी नीट पाहण्याजोग्या आहेत. पत्नीला नांदावयास भाग पाडण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हताच. तो इंग्लंडच्या धर्मपीठांच्या कायद्यातून आयात झालेला होता. आणि गंमत अशी की ज्या १८८४ साली तो रखमाबाईंवर लावला गेला, त्याच साली इंग्लंडच्या पार्लमेंटने अशा हुकुमाच्या अवज्ञेबद्दलची तुरुंगवासाची शिक्षा आपल्याकडे काढून टाकली! धर्म बुडाला म्हणून येथे ज्यांनी आक्रोश केला, त्यांनी वस्तुतः साहेबाने टाकलेले जोखड खांद्यावर घेतले होते.

दुसरी गोष्ट, लोकक्षोभाचा रोख विवाहावरून चटकन शिक्षणाकडे वळला. टिळकांसारख्या थोर पुरुषाच्या वृत्तपत्रांनीही इंग्रजी शिक्षणानेच मुलगी बिघडली असा सूर लावला. १८८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या हायस्कुलावर, म्हणजे हुजूरपागेवर, त्याच वर्षांत अभ्यासक्रमावरून आणि शाळेच्या वेळांवरून जी टीका झाली, ती याच हवेतली. मुलीवर अन्याय झाला की चौकशी मुलीच्या शिक्षणाची करायची, ही आपली सवय तेव्हापासूनची.

आणि तिसरी गोष्ट. १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन पत्रे प्रसिद्ध झाली. खाली सही होती ‘एक हिंदू स्त्री’. ती रखमाबाईंची होती. ज्या बाईचे नाव न्यायालयात आणि बाजारात प्रत्येकाच्या तोंडी होते, तिला विचार मांडण्यासाठी नाव झाकावे लागले. आपल्या भाषणांतून आपण निनावीपणाला भित्रेपणा म्हणतो. परंतु दुर्बलाचा निनावीपणा आणि सबळाचा निनावीपणा यांत फार अंतर असते. आज जी मुलगी खोट्या नावाने आपले दुःख लिहिते आणि जो मुलगा खोट्या नावाने तिला घाणेरडे लिहितो, त्या दोघांना एकच नियम लावू पाहणारे रखमाबाईंना विसरलेले असतात.

खटला १८८८ मध्ये मिटला, तो दावा मात्र मिटला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो कायम राहिला. इंग्लंडने १९७० साली कायदा करून तो मुळासकट काढला. आपल्याकडे १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी सरिता खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरविले. कारण काय, तर स्वतःच्या देहाविषयीचा स्त्रीचा निर्णय हा तिच्या खासगीपणाचा गाभा आहे. गौतमाबाईंच्या जहागिरीतला ‘खासगी’ शब्द येथे मला पुन्हा ऐकू येतो. पण त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने संविधानाला घरात आणणे अनुचित आहे असे म्हटले आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते कलम वैध ठरविले.

यातून खासगीपणाची दोन रूपे दिसतात. एक घराचे खासगीपण, जे म्हणते की ही आमच्या घरातली बाब आहे, बाहेरच्याने तोंड घालू नये. दुसरे व्यक्तीचे खासगीपण, जे म्हणते की ही माझी बाब आहे, घरच्यानेही तोंड घालू नये. पहिल्याच्या आडोशाने मारझोडसुद्धा झाकली जाते. कायद्याने दुसऱ्याला ओळखायला बराच काळ घेतला. आपल्या प्रांतातील एका खटल्याचा यात वाटा आहे, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. १९७५ साली गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात, पोलिसांनी पाळत ठेवण्याच्या आणि रात्री-अपरात्री घरी जाण्याच्या नियमांचा विचार करताना, सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काला मर्यादित का होईना मान्यता दिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो मूलभूत हक्क म्हणून घोषित केला, आणि घराच्या खासगीपणाआड स्त्रीवरील अत्याचार झाकले जातात या स्त्रीवादी आक्षेपाचीही त्या निकालपत्रात दखल घेतली गेली.

आता आपल्या शहराकडे वळते. विषय कठीण आहे, पण टाळणे मला प्रशस्त वाटत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अत्याचाराला बळी पडलेली एक अल्पवयीन मुलगी उज्जैनच्या रस्त्यांवरून दारोदार मदत मागत गेली. दारांवरील कॅमेऱ्यांनी तिला टिपले. बडनगर मार्गावरील एका आश्रमात तिला वस्त्र मिळाले आणि मदत मिळाली. कॅमेऱ्यातील ते दृश्य मात्र देशभर फिरले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, वर्दळीच्या भागात भर दिवसा एका स्त्रीवर पदपथावर अत्याचार झाला. जवळून जाणाऱ्यांनी तो थांबविला नाही, फोनवर चित्रित केला आणि ती चित्रफीत पसरली. अत्याचार करणाऱ्याला अटक झाली आणि चित्रफीत काढून पसरविणाऱ्यालाही झाली. महाकालाच्या नगरीत पाहणारे डोळे पुष्कळ होते. आनंदीबाईंनी वर्णिलेले टक लावून पाहणारे लोक रस्ता मोकळा झाल्यावर निदान घरी तरी जात. आताचे ते दृश्य खिशात घेऊन जातात.

अशा स्त्रीची ओळख उघड करणे हा अपराध आहे, हे कायद्यात १९८३ साली आले, आणि तेही महाराष्ट्रातील एका घटनेनंतर. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपी पोलिसांना सोडले. त्याविरुद्ध १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधि-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ झाली आणि कायदा बदलला. तो खटला आजही त्या मुलीच्याच नावाने शिकविला जातो. मी ते नाव येथे घेत नाही.

अशा घटना घडल्या की घराघरांत कोणता निर्णय होतो? मुलीचा फोन काढून घेण्याचा. क्वचित शिकवणी बंद करण्याचा. पालकांची भीती खोटी नाही, हे मी जाणते. पण इतिहास शिकविणाऱ्या माणसाला यात १८८७ चा आवाज ऐकू येतो, की दोष रस्त्याचा आणि बंदी मुलीवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) स्वतः वापरण्याचा फोन असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के आहेत आणि आपल्या मध्य प्रदेशात सुमारे ३९ टक्के. ज्या मुलीकडे फोन नाही, तिचा वर्गाचा अभ्यास भावाच्या फोनवर येतो, तिच्या परीक्षेचा संकेतांक वडिलांच्या फोनवर येतो आणि मैत्रिणीने लिहिलेला निरोप आधी काकांच्या नजरेखालून जातो. हे सारे मला त्या पाव आण्याच्या पोस्टकार्डासारखे दिसते. समतेवाचून खासगीपण नाही, ते असे.

कायद्याने अलीकडे काही पावले टाकली आहेत. २०१३ पासून चोरून पाहणे, चित्रण करणे आणि संगणकावरून पाठलाग करणे हे स्वतंत्र गुन्हे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे सांगितले आणि सज्ञान झाल्यावर त्यातून बाहेर पडण्याचा पर्याय मुलांना असावा असेही म्हटले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक ठरवून त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. हेतू चांगला आहे. परंतु सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत संरक्षक कोण आणि पहारेकरी कोण, हे नेहमीच स्पष्ट असते काय? आजची रखमा आपले मन कोठे मोकळे करणार, याचा विचार या तरतुदीत मला पुरेसा दिसत नाही.

शाळेने काय करावे, हा प्रश्न या व्यासपीठावर विचारलाच जाणार. मी कायदेपंडित नाही, पण दप्तराशी माझा जन्मभराचा संबंध आहे. शाळेचे दाखल-खारीज पुस्तक हे इतिहासाचे अमोल साधन असते. त्यात जन्मतारीख असते, जात असते, पालकाचा व्यवसाय असतो आणि शाळा सोडल्याचे कारण असते. या शेवटच्या रकान्यात मुलींच्या नावांपुढे ‘विवाह’ हा शब्द वयाच्या कितव्या वर्षी येतो, हे एका पिढीतून दुसऱ्या पिढीत पाहत जावे. समतेचा इतिहास त्याहून नेमका कोठे मिळणार नाही. आईचे नाव मात्र त्यात शोधूनही सापडत नाही. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत बालकाच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिणे बंधनकारक केले आहे. आपणही ते अनुकरण करण्यास हरकत नसावी.

ही जुनी पुस्तके आता छायाप्रती काढून संगणकात ठेवण्याचा शाळेचा विचार आहे, असे मला सांगण्यात आले. माजी विद्यार्थ्यांना घरबसल्या आपले जुने नाव पाहता यावे, ही कल्पना गोड आहे. माझी एवढीच विनंती आहे की पाने अभ्यासकांसाठी जपून ठेवावीत. जात, पत्ता आणि शाळा सोडल्याचे कारण हे रकाने सर्वांसाठी खुले करू नयेत. ज्या मुलीने चौदाव्या वर्षी शाळा सोडली ती आज कोणाची तरी आजी आहे, आणि आपले कारण नातवंडांना सांगावे की नाही हे तिचे तिने ठरवायचे आहे. ज्यांचे पत्ते मिळतील त्यांना शाळेने आधी विचारावे. आणि विचारताना कार्ड टाकू नये. बंद पाकीट पाठवावे, तिच्या स्वतःच्या नावाने.